कड्याची ढाबळ

राजगडाच्या संजीवनी माचीवर तटाला तट आहे. बाहेरची एक भिंत, आतली एक, आणि दोन्हींच्या मधे माणूस अंग चोरून उतरेल एवढी अरुंद, खोल फट. चिलखती तटबंदी म्हणतात तिला. तोफेच्या माऱ्याने बाहेरची भिंत ढासळली तरी आतली शाबूत राहावी, अशी ती योजना. वरचे दगड उन्हाने तापलेले असतात तेव्हाही त्या फटीच्या तळाशी गारवा असतो. तिथं कान दिला की खालून एक आवाज येतो. हा वारा नव्हे. वारा माचीवर कायमच असतो, पण तो वरच्या वर निघून जातो. हा आवाज दगडाच्या पोटातून, थांबत थांबत, एकाच सुरात येतो. पारवा घुमत असतो.

या आवाजापुढे मला हात जोडावेसे वाटतात, आणि त्याला कारण आहे. शिवाजी महाराज सुमारे पंचवीस वर्षं या गडावर राहिले. स्वराज्याचा कारभार इथून चालला. त्या काळात इथं कानावर पडणारं जवळजवळ सगळं विरून गेलं: नगाऱ्याचे ठोके, घोड्यांचं खिंकाळणं, पहाऱ्यावरच्या हाका, जात्यावरच्या ओव्या. सदरेची लाकडं गेली, कौलं गेली, वाडे जोत्यांपुरते उरले. पहाटे बालेकिल्ल्याच्या कड्यातून येणारं हे घुमणं मात्र तेव्हाही असंच असणार. साडेतीनशे वर्षांत पारव्याचा गळा काही बदललेला नाही. पहारेकऱ्यांनी, पाणी भरणाऱ्या बायांनी, जिजाऊ मासाहेबांनी जे ऐकलं असेल तेच त्याच दगडांतून आज आपल्यालाही ऐकू येतं. या गडावर इतकी सलग चालत आलेली दुसरी गोष्ट मला दिसलेली नाही.

भोर आणि वेल्हे हा सगळा मुलूखच कड्यांचा. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात. हिरडस मावळ, रोहिडखोरं, गुंजण मावळ, कानद खोरं अशी जुनी नावं घेतली की डोळ्यांपुढे एकामागून एक डोंगरांच्या सोंडा उभ्या राहतात. मधे भाताची खाचरं, वर करवंदीची जाळी, त्याच्या वर गवत, आणि शेवटी काळा, सरळ तुटलेला कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. त्यावर पुन्हा दुसरा आला. असे थरावर थर बसून हा सह्याद्री झाला. दोन थरांच्या मधे कुठं मऊ, लालसर मातीचा पट्टा अडकलेला असतो. पाऊस आणि वारा तो कोरून काढतात. वरचा कठीण थर छपरासारखा पुढं आलेला राहतो आणि त्याखाली लांबच लांब कपार तयार होते. तोरण्याच्या झुंजार माचीखालचा कडा समोरून नीट न्याहाळला तर या कपारींच्या आडव्या रेघा दिसतात, आणि त्यांच्याखाली विष्ठेचे पांढरे ओघळ. ते ओघळ ही पारव्याच्या घरांची पाटी. वर छप्पर, खाली बसायला पायरी, समोर मोकळी दरी, आणि साप-मुंगूस सहज पोचणार नाही अशी उंची. पारव्याला एवढंच लागतं. पिढ्यान्‌पिढ्या तो हेच मागत आला आहे.

मग माणूस आला आणि त्याने या कड्यांवर तट चढवले. गड बांधणाऱ्यांनी दगड लांबून आणला नाही. माथ्यावरच पाण्याची टाकी खोदली आणि त्यांतून निघालेला दगड भिंतींना लावला. एकाच खोदकामातून पाणीही मिळालं आणि तटही उभा राहिला. त्यामुळे राजगडाचा तट हा राजगडाचाच कडा आहे, जागा बदलून चिरेबंदी रचलेला. त्यात बंदुकांसाठी जंग्या ठेवल्या, पाणी जायला मोऱ्या ठेवल्या, परांचीचे वासे अडकवायला भोकं ठेवली. काम संपल्यावर वासे निघाले आणि भोकं राहिली. पारव्याने यात काही भेद केला नाही. कपारीतून तो तटाच्या भोकात आला, त्याच दगडात, त्याच उंचीवर. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याच्यासाठी कुणी काही बांधलंही नव्हतं.

जगात इतरत्र मात्र त्याच्यासाठी मोठमोठी घरं बांधली गेली. ढाबळ म्हणजे नीट पाहिलं तर माणसाने मैदानात उभा केलेला कडाच. जिथं डोंगर नव्हते, कपारी नव्हत्या, तिथं माणसाने गोल मनोरे बांधले आणि त्यांच्या भिंतींना आतून शेकडो कोनाडे ठेवले. कड्यासारखा अंधार, कड्यासारखा थंडावा, दोन अंडी मावतील एवढी जागा. पारवा फसला म्हणावं तर तसंही नाही. त्याला हवं ते मिळालं आणि तो राहिला. रोमच्या वारो या लेखकाने शेतीवरच्या आपल्या ग्रंथात दोन हजार वर्षांपूर्वी अशा ढाबळीचं वर्णन केलं आहे. एकेका ढाबळीत पाच पाच हजार पाखरं असत, असं तो सांगतो. पुढं नॉर्मन सरदारांबरोबर ही पद्धत इंग्लंडात गेली. स्कॉटलंडच्या जहागिरींत अशा जुन्या दगडी ढाबळी आजही उभ्या आहेत. आतल्या बाजूला मधोमध एक खांब, त्याला आडवे हात, आणि त्या हातांना टांगलेली शिडी. तेलाच्या घाण्याची लाट फिरते तशी ही शिडी भिंतीलगत गोल फिरायची. माणूस तिच्यावर चढून एकेका कोनाड्यात हात घालायचा आणि पिल्लू उचलायचा. पिल्लू साधारण चार आठवड्यांचं, अंगाने भरलेलं, पण अजून उडालेलं नाही, असा तो नेमका दिवस गाठायचा.

त्या देखण्या वास्तू पाहणाऱ्याला हा दिवस सहसा कुणी सांगत नाही. तो सांगितला पाहिजे. ती घरं पाखरावरच्या मायेने बांधलेली नव्हती. ती मांसाची कोठारं होती. त्यांचा मान फक्त जमीनदाराला आणि मठांना असे. पाखरं जहागिरदाराची, पण ती दाणे टिपणार कुळांच्या शेतात. पेरलेलं बी उकरून खाल्लं तरी कुळाने दगड उचलायचा नाही. फ्रान्समधे हा सल इतका खोल होता की ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्क रद्द करण्याचा निर्णय झाला तेव्हा त्यांत ढाबळीचा हक्कही होता. इराणात इस्फहानच्या आसपासचे मनोरे वेगळ्या कारणासाठी होते. तिथं पाखरांची विष्ठा हवी होती, खरबुजांच्या मळ्यांना खत म्हणून. सतराव्या शतकात तिथं गेलेल्या शार्दँ या फ्रेंच प्रवाशाने असे तीन हजारांवर मनोरे असल्याचा अंदाज लिहून ठेवला आहे. आपल्याकडे अकबराला कबुतरं उडवण्याचा नाद होता. त्याच्या दरबारात वीस हजारांवर कबुतरं असल्याची नोंद अबुल फझलने केली आहे, आणि बादशाहाचा मुक्काम हलला की तीही बरोबर हलत.

हीच नोंद पुढं चार्ल्स डार्विनने उचलली. १८५९ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात कबुतरं आहेत. पंख्यासारखी शेपटी उभारणारा लक्का, हवेत कोलांट्या मारणारा गिरेबाज, जमिनीवर गडगडणारा लोटन अशा कितीतरी जाती, एकमेकींना ओळखही देणार नाहीत इतक्या वेगळ्या. या सगळ्या एकाच पारव्याच्या लेकी आहेत, हे त्याने मांडलं. भोरमधे गच्चीवर फळ्या आणि जाळी ठोकून केलेली एखादी ढाबळ दिसते, वर बांबूची छत्री, खाली तोंडात बोटं घालून शीळ वाजवणारा पोरगा. त्याच्या डोक्यावर गरगरणाऱ्या त्या पांढऱ्या-तांबड्या पाखरांचं मूळ समोरच्या डोंगरातल्यासारख्याच एखाद्या कपारीत आहे.

समोरच्या डोंगरातला पारवा मात्र राखाडी तो राखाडीच. पाठ निळसर राख, पंखांवर दोन काळे पट्टे, शेपटीच्या टोकाला गडद किनार. युरोपातल्या त्याच्या भावंडांच्या पाठीचा खालचा भाग पांढरा असतो; आपल्याकडच्याचा राखाडी. १८४४ साली स्ट्रिकलंड या पक्षिशास्त्रज्ञाने या वेगळेपणावरून आपल्या पारव्याला स्वतंत्र नाव दिलं. अंगावर एकच दागिना, तो गळ्याचा. उन्हात मान वळली की हिरवा, अर्ध्या क्षणात जांभळा. त्या पिसांत हिरवा रंगही नाही आणि जांभळाही नाही. पिसाच्या बारीक तंतूंवरचा पातळ थर उजेडाचे किरण परतवतो, आणि कोन बदलला की रंग बदलतो. साध्या पाखराच्या गळ्यात एवढी करामत कशासाठी, तर मादीपुढे मान फुगवून गोल गोल फिरण्यासाठी.

तटाच्या एका भोकात, फार पुढं न जाता, बाजूने डोकावून पाहिलं तर घरटं दिसतं. घरटं म्हणावं असं त्यात काही नसतं. दहा-वीस काटक्या, गवताच्या दोन-चार काड्या, एखादं पीस. नर एकेक काडी आणतो, मादी ती पोटाखाली सरकवते. मधोमध दोन अंडी, पांढरीशुभ्र. उघड्यावर अंडी घालणारी टिटवी आपल्या अंड्यांना मातीचे रंग देते. अंधारात घालणाऱ्या पारव्याला अंडी लपवायची नसतात. सतरा-अठरा दिवस ही अंडी उबवायची. उबवण्याची पाळी असते. सकाळी उशिरापासून दुपार कलेपर्यंत नर बसतो, उरलेला दिवस आणि सगळी रात्र मादी. एकाने उठायचं, दुसऱ्याने बसायचं. अंडी उघडी पडतात ती जेमतेम क्षणभर.

पिल्लू बाहेर येतं ते आंधळं, पिवळट केसाळ लवेचं, अंगाच्या मानाने मोठी चोच असलेलं. त्याला दाणा चालत नाही. इथं पारवा जे करतो ते मला सगळ्या पक्षिजीवनातलं फार मोठं आश्चर्य वाटतं. पिल्लं बाहेर येण्याच्या सुमारास आईबाप दोघांच्याही गळ्यातली पिशवी आतून जाड होते आणि तिच्या अस्तराच्या पेशी सुटून पनीरासारखा एक पांढरा पदार्थ तयार होतो. प्रथिनं आणि स्निग्धांश यांनी तो भरलेला असतो. माणसाच्या किंवा गाईच्या अंगात दूध यायला जो अंतःस्राव लागतो तोच पारव्यालाही लागतो, आणि तो आईइतकाच बापातही काम करतो. पिल्लू आईच्या किंवा बापाच्या चोचीत आपली चोच खुपसतं, आणि दोघंही मानेला हिसके देत ते दूध वर आणतात. पहिले काही दिवस हेच अन्न. मग हळूहळू त्यात भिजून मऊ झालेले दाणे मिसळायला लागतात. पाखरांत असं दूध पाजणारे फार थोडे: सगळे पारवे-होले, रोहित, आणि दक्षिण ध्रुवाकडचा सम्राट पेंग्विन. गडावर येणाऱ्या कुणालाही मी हे सांगतो तेव्हा माणूस आधी हसतो आणि मग त्या भोकाकडे पुन्हा वळून पाहतो. बाप दूध पाजतो, त्या अंधारात, त्या दगडात. महिना-सव्वा महिन्याने पिल्लू भोकाच्या तोंडाशी येतं, समोर हजार फुटांची दरी असते, आणि ते उडतं. कोनाड्यात हात घालणारं इथं कुणी नाही.

अगदीच कुणी नव्हतं असं म्हणणं खरं होणार नाही. पारव्याची शिकार आपल्या खेड्यांतही झाली. लकव्याच्या माणसाला कबुतराचं रक्त चोळण्याची समजूत अजून पुरती गेलेली नाही. तिचा उपयोग काहीच नाही, आणि पाखराचा जीव फुकट जातो. पण पारव्यावर कुणाची मालकी लागली नाही, हे या डोंगरांचं वेगळेपण. त्याच्या घराचा मान कुण्या देशमुखाकडे नव्हता, त्याच्या पिल्लांचा हिशेब कुठल्या दप्तरात नव्हता.

भोरच्या सचिवांकडेही नव्हता. शंकराजी नारायण हे राजाराम महाराजांचे सचिव, भोर संस्थानाचे मूळ पुरुष. त्यांची समाधी जवळच आंबवड्याला आहे, नागेश्वराच्या देवळापाशी, ओढ्याकाठच्या गर्द झाडीत. त्यांच्या वंशजांकडे हे संस्थान ८ मार्च १९४८ ला मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत राहिलं. नीरेकाठचा भोरचा राजवाडा १८६९ सालचा. आत चौक, सागवानी खांब, कमानी, वर कोरीव नक्षी. सिनेमावाल्यांनी तो इतक्यांदा पडद्यावर आणला आहे की भोर न पाहिलेल्या माणसालाही तो ओळखीचा वाटावा. पण राजवाड्यापेक्षा माझा पाय गावातल्या जुन्या वाड्यांकडे वळतो. दगडी जोतं, वर विटा-मातीची भिंत, दिंडी दरवाजा, चौकात तुळस. पुण्या-मुंबईला गेलेल्या घरांची माडी बंद असते. तिथं कडीपाटाखाली, तुळईच्या टोकाशी, वळचणीला, कधी माणसाने दिव्यासाठी केलेल्या कोनाड्यात पारव्याने बस्तान मांडलेलं असतं. घरधनीण झाडू घेऊन हुसकावते, विष्ठेने चौक घाण होतो म्हणून कुरकुरते. तांदूळ निवडून झाले की सुपातल्या कण्या मात्र चौकातच टाकते. दोन्ही एकाच दिवशी घडतं आणि दोन्ही मनापासूनच घडतं.

उजाड वाड्याचं वर्णन करायचं तर तिथं पारवे घुमताहेत असं लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. जिथं माणूस उरला नाही तिथं पारवा, अशी ती समजूत. मला ती अन्यायाची वाटते. पारवा घर ओस पाडत नाही. माणूस निघून गेल्यावर जे घर ओस पडायला हवं होतं त्यात कुणीतरी संसार करत राहतं, अंडी उबवतं, लेकरांना दूध पाजतं, पाळीपाळीने जागतं. माडीवरच्या त्या अंधारात आणखी पुष्कळ काही संपलेलं असेल. जन्म संपलेला नाही.

रोहिड्यावर हे फार ठळकपणे जाणवतं. भोरपासून जवळ, बाजारवाडीवरून चढायचं. तिसऱ्या दरवाज्यावर मराठी आणि फारसी शिलालेख आहे, मुहंमद आदिलशाहाच्या वेळी, १६५६ साली, झालेल्या बांधकामाचा. आदिलशाहाकडून गड स्वराज्यात आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना गेला, १६७० मधे पुन्हा मराठ्यांनी घेतला, आणि पुढं भोरकरांकडे राहिला. शिरवले, पाटणे, दामगुडे, वाघजाई, फत्ते, आणि सदरेचा: बुरुजांची नावं एका दमात घ्यावीत अशी आहेत. या प्रत्येक बुरुजाच्या सांध्यांत पारवा आहे. राजगड आणि तोरणा १७०४ साली औरंगजेबाकडे गेले तेव्हा दोघांनाही नवी नावं मिळाली. राजगडाचा नबीशाहगड झाला, तोरण्याचा फुतूहुल्गैब. झेंडे उतरले, चढले. तटातली पाखरं तोफांच्या आवाजाने उडाली असतील, दरीवर गिरक्या घेतल्या असतील आणि संध्याकाळी आपापल्या भोकात परतली असतील. अंडी असली की परतावंच लागतं.

इथं थोडं बाजूला जाऊन हरोळीबद्दल सांगायला हवं. नसरापूरजवळ बनेश्वरचं देऊळ आहे, नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. भोवती राखलेलं बन आहे. वड-उंबर फळाला आले की त्या बनात हरोळ्यांचा थवा उतरतो. हिरव्या पानांत हिरवी पाखरं, पिवळे पाय, आणि शीळ घातल्यासारखा गोड आवाज. आपल्या राज्याचा हा पक्षी पारव्याच्याच कुळातला. पण तो फळांवर जगतो, झाडातच राहतो, जमिनीवर क्वचितच उतरतो. भिंतीकडे तर तो फिरकतही नाही. एकाच कुळातल्या दोघांपैकी एकाने रान धरलं आणि एकाने दगड. ज्याने दगड धरला त्याला माणसाचा शेजार मिळाला, आणि शेजाराबरोबर येणारं सगळं बरंवाईटही.

वाईटातलं पुष्कळसं शहरात आहे. मुंबईत चौकाचौकांत पोत्याने धान्य पडत राहिलं आणि पाखरांची संख्या बेसुमार वाढली. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने माणसांची फुफ्फुसं बिघडतात, हे डॉक्टर अनेक वर्षं सांगत आले आहेत. ऑगस्ट २०२५ मधे दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकण्यात आला तेव्हा दोन्ही बाजूंनी लोक पेटून उठले. मी पारव्यावर जीव लावून बसलेला माणूस आहे, तरी त्या वादात मी डॉक्टरांच्या बाजूचा आहे. दाणे टाकणं ही भूतदया नव्हे. गडावर येणारे हौशी लोक आता पिशव्यांतून फरसाण आणि मुरमुरे उधळायला लागले आहेत, ते बघून पोटात कालवतं. कड्यावरच्या पारव्याला आपलं काही नको आहे. त्याची संख्या कडा ठरवतो, पाऊस ठरवतो, आणि ससाणा ठरवतो.

ससाण्याबद्दल बोलताना माझा जीव नेहमी दुभंगतो. सुवेळा माचीच्या नेढ्याच्या वरच्या अंगाला उभं राहिलं की कधीतरी बहिरी ससाणा दिसतो. आधी उंचावर एक ठिपका. पारव्यांचा थवा विखुरलेला असतो तो एकाएकी मिटून घट्ट होतो, वळतो, पुन्हा वळतो. ठिपका पंख आवळतो आणि खाली येतो. बहिरी ससाण्याच्या या सुरकांडीचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढं मोजला गेला आहे. उभ्या जगात एवढ्या वेगाचा दुसरा प्राणी नाही. बहुतेक वेळा तो चुकतो. थवा कड्याला घासून निघून जातो, एकेक पाखरू आपल्या भोकात शिरतं, आणि दरी रिकामी होते. कधी तो चुकत नाही, आणि पिसांचा एक पुंजका सावकाश खाली येत राहतो. या ससाण्याचं घरटंही कड्यातच असतं, उघड्या पायरीवर, पारव्याच्या कपारीपासून फार दूर नाही. त्याची पिल्लं पारव्यावर वाढतात. पारव्याचं ते सरळ, ताकदीचं, एका दमात दरी ओलांडणारं उड्डाण ससाण्यानेच घडवलेलं आहे. हजारो वर्षं जो मागे राहिला तो उरला नाही.

जुलै २०२५ मधे युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत राजगड आहे. आता तटांची डागडुजी होईल, आणि व्हायलाच हवी. पावसाने सांध्यांतला चुना धुऊन गेला आहे, वडा-पिंपळाची मुळं चिऱ्यांत शिरून भिंती फोडताहेत. पण सांधे भरणाऱ्या गवंड्याने भोक बुजवण्याआधी आत बॅटरी मारून पाहावं, एवढं कुणीतरी त्याला सांगायला हवं. आत अंडी किंवा पिल्लं असली तर त्या भोकापुरतं सात आठवडे थांबावं आणि तोवर पुढची भिंत घ्यावी. परांचीची भोकं, मोऱ्या, जंग्या तर बुजवूच नयेत. त्या मूळ बांधकामाचाच भाग आहेत. चुन्याची नीट दर्जाबंदी झाली तरी गडाला पारव्यापुरती जागा सहज उरते.

कार्तिक संपत आला की गुंजवण्याच्या, पालीच्या खाचरांतलं भात कापून होतं. भारे खळ्यावर येतात, मळणी सुरू होते. इंद्रायणीचा, आंबेमोहराचा वास सकाळच्या धुक्यात गावभर असतो. उन्हं पडली की गडावरून पारव्यांचा थवा उतरतो, सरळ, मधे कुठं न थांबता. आधी खळ्याजवळच्या झाडावर, मग पेंढ्याच्या उडवीवर, मग जमिनीवर. भरून ठेवलेल्या राशीला ते सहसा तोंड लावत नाहीत. सांडलेलं, मातीत मिसळलेलं, माणसाने सोडून दिलेलं टिपतात. त्यात तणाचं बीही बरंच असतं. गळ्याची पिशवी भरली की थवा उठतो, पंख टाळी वाजवावी तसे वर एकमेकांवर आपटतात, आणि पाखरं गडावरच्या पद्मावती तळ्याच्या काठाला येतात. बाकीचे बहुतेक पक्षी चोचभर पाणी घेऊन मान वर करतात. पारवा चोच पाण्यात बुडवतो आणि मान न उचलता एका घोटात पिऊन घेतो. माझं पाहणं इथं नेहमी लांबतं. पाणी पिताना गळ्याचा तो हिरवा-जांभळा रंग तळ्यात उमटतो आणि हलतो.

दहाच्या सुमाराला संजीवनीच्या तटावर नर येऊन बसतो. मान फुगवून एकदा घुमतो. आत रात्रभर बसलेली मादी उठते, सरकते, भोकाच्या तोंडाशी येऊन पंख ताणते. तो आत जातो, अंडी चोचीने हलकेच फिरवून पोटाखाली घेतो. ती दरीत झेप घेते, खळ्याच्या दिशेने. तिला दुपारपर्यंत पोट भरून परतायचं आहे.